ताशी किलोमीटर: वेगाचं एकक मुळापासून समजून घ्या आणि हव्या त्या एककात बदला

गाडीच्या काट्यावर ६० दिसतं, तेव्हा गाडी तासभर चाललेली असेलच असं नाही. ६० किलोमीटर कापून झालेत असंही नाही. आत्ता जो वेग आहे तोच तसाच टिकला तर तासाभरात ६० किलोमीटर अंतर जाईल, एवढंच काटा सांगतो. हाच वेग मिनिटाला १ किलोमीटर असाही सांगता येतो आणि सेकंदाला १६.६७ मीटर असाही. गाडी तीच, रस्ता तोच, वेगही तोच. अंतर आणि वेळ मोजायची मापं बदलली म्हणून आकडा बदलला.

एककांचं रूपांतर इतकंच असतं. तरी शाळा सुटल्यावर बहुतेकांच्या डोक्यात ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचं ‘५/१८’ तेवढं उरतं, आणि त्याने गुणायचं की भागायचं इथे घोडं अडतं. सूत्र पाठ करणं हा या विषयातला सगळ्यात कच्चा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. आकड्याबरोबर त्याचं एककही हिशेबात लिहीत गेलं, तर गुणायचं की भागायचं हा प्रश्नच उरत नाही. पुढे मैल आले, नॉट आले किंवा कधी न ऐकलेलं एखादं एकक समोर आलं, तरी पद्धत हीच राहते.

भौतिकशास्त्रात चाल आणि वेग यांत दिशेचा फरक करतात. रूपांतराच्या हिशेबावर त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून इथे सगळीकडे ‘वेग’ हाच शब्द वापरला आहे. ‘किमी/तास’ म्हणजे किलोमीटर प्रतितास आणि ‘मी/से’ म्हणजे मीटर प्रतिसेकंद.

३.६ हा आकडा येतो कुठून

समजा, वेग ७२ किमी/तास आहे आणि तो मी/से मध्ये हवा आहे. पूर्ण लिहा: ७२ किलोमीटर भागिले १ तास. आता किलोमीटरच्या जागी १००० मीटर लिहा आणि तासाच्या जागी ३६०० सेकंद. दुसरं काही करायचं नाही.

७२ × १००० मीटर ÷ ३६०० सेकंद = ७२००० ÷ ३६०० = २० मी/से.

१००० आणि ३६०० यांचं गुणोत्तर म्हणजेच ५/१८. उलटं केलं तर १८/५, म्हणजे ३.६. पाठ केलेल्या सूत्राच्या पोटात एवढंच आहे. मीटर लहान असल्यामुळे आकडा हजार पटीने वाढतो, सेकंद लहान असल्यामुळे ३६०० पटीने घटतो, आणि दोन्ही मिळून तो ३.६ पटीने लहान होतो. त्यामुळे मी/से मधला आकडा किमी/तासपेक्षा नेहमी लहानच असतो. उत्तर मोठं आलं, तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली आहे.

ही खात्री करायला एक ओळखीचा वेग हाताशी ठेवावा. माणूस साधारण ५ किमी/तास वेगाने चालतो. ५ ला ३.६ ने भागलं की १.४ मी/से येतात, म्हणजे सेकंदाला साधारण दोन पावलं. हे पटतं. चुकून गुणलं तर १८ मी/से येतील, म्हणजे चालता चालता १०० मीटर साडेपाच सेकंदांत पार! युसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. त्याचा सरासरी वेग १०.४४ मी/से, म्हणजे ३७.६ किमी/तास होता. शर्यतीतल्या ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात तो सर्वांत वेगवान होता, आणि तेव्हाही वेग १२.४ मी/से, म्हणजे ४४.७ किमी/तासच्या आसपास होता. माणसाच्या पायांची मजल तेवढीच. असे दोन-तीन आकडे लक्षात असले की चुकीचं उत्तर लगेच डोळ्यांत खुपतं.

तोंडी हिशेब

३.६ ने तोंडी गुणणं किचकट वाटतं, पण ३.६ म्हणजे ४ वजा ४ चा दहावा भाग. म्हणून मी/से वरून किमी/तासकडे जाताना आकडा चौपट करा आणि आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा भाग वजा करा. २५ मी/से असतील, तर चौपट १००, त्यातून १० गेले, ९० किमी/तास. हे अंदाजे उत्तर नाही, तंतोतंत आहे.

उलट्या दिशेनेही अशीच नेमकी युक्ती आहे, पण ती फार कमी लोकांना माहीत असते. किमी/तासची चौथाई करा आणि त्या चौथाईचा नववा भाग तिच्यातच मिळवा. ९० ची चौथाई २२.५, तिचा नववा भाग २.५, बेरीज २५. नववा भाग काढायचा कंटाळा आला तर दहावा मिळवा. चूक फक्त एक टक्क्याची राहते आणि रोजच्या कामाला ती चालून जाते.

आणि १८ चा पाढा तर प्रत्येकाच्या तोंडी असतोच. १८ किमी/तास म्हणजे ५ मी/से, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०, ९० म्हणजे २५, १०८ म्हणजे ३०. या सहा जोड्यांच्या अधलेमधले वेग अंदाजाने चटकन सांगता येतात. ८० हे ७२ आणि ९० च्या मध्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे सव्वाबावीसच्या आसपास. नेमकं उत्तर २२.२२ आहे.

सेकंदाचं एकक कशाला हवं

ताशी किलोमीटर हे प्रवासाचं एकक आहे. किती वाजता पोचू, याचं उत्तर त्यातून सहज मिळतं. पण रस्त्यावर जे बरं-वाईट घडतं ते सेकंदांत घडतं, आणि तिथे हे एकक आपल्याला अंधारात ठेवतं. १०० किमी/तास हा आकडा सरावाचा झालेला असतो. सेकंदाला २७.८ मीटर म्हटल्यावर त्याच वेगाचा खरा अर्थ कळतो. फोनकडे तीन सेकंद नजर गेली, तर गाडी ८३ मीटर पुढे गेली.

थांबण्याचं अंतर काढून पाहू. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असं धरू. तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर असतील, तर वेग दर सेकंदाला साधारण ७ मी/से इतका कमी होतो असं धरायला हरकत नाही. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची (वेग कमी होण्याच्या या दराची) दुप्पट, इथे १४.

वेग ६० किमी/तास असेल तर आधी त्याचे १६.६७ मी/से करायचे. दीड सेकंदात २५ मीटर गेले. १६.६७ चा वर्ग २७८, त्याला १४ ने भागलं की जवळजवळ २० मीटर. एकूण ४५ मीटर. १०० किमी/तासला, म्हणजे २७.७८ मी/से ला, दीड सेकंदाचे ४२ मीटर आणि ब्रेकचे ५५ मीटर, एकूण ९७. वेग पावणेदोन पटीहून कमी वाढला, पण थांबायला लागणारं अंतर दुपटीहून जास्त झालं.

आता रूपांतर न करता सूत्रात थेट ६० घालून बघा. ६० चा वर्ग ३६००, भागिले १४, म्हणजे २५७ मीटर. खऱ्या उत्तराच्या जवळपास १३ पट! वेगाचा वर्ग होतो तेव्हा ३.६ चाही वर्ग होतो, आणि तो १२.९६ आहे. गतिज ऊर्जा, मंदन, वर्तुळाकार वळणावरचं बल, अशा ज्या ज्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो तिथे एकक न बदलण्याची चूक याच पटीत फुगते. मोठ्या परीक्षांत कच्चा विद्यार्थी गुण गमावतो त्यातलं हे एक हमखास ठिकाण आहे. सूत्रातलं त्वरण (दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) मी/से² मध्ये असेल, तर वेगही मी/से मध्येच हवा.

त्वरणाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ‘शून्य ते १०० किमी/तास ८ सेकंदांत’ या वाक्यात वेळेची दोन एककं एकत्र नांदतात: वेगातला तास आणि वेग वाढायला लागलेले सेकंद. सरासरी त्वरण म्हणजे दर सेकंदाला १२.५ किमी/तास. ते मी/से² मध्ये हवं असेल तर फक्त तासाचा भाग बदलायचा. १२.५ ला ३.६ ने भागलं की ३.४७. वरून खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण ९.८ मी/से² असतं, म्हणजे हवेचा अडथळा नसेल तर तिचा वेग दर सेकंदाला ३५ किमी/तासने वाढतो. अशा तऱ्हेने सांगितलं की गुरुत्वाकर्षण किती जोरकस आहे हे कळतं.

मैल प्रतितास

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या वेगमर्यादा अजूनही मैलांत असतात. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून १ यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर असं ठरवलं. मैलात १७६० यार्ड असतात, म्हणून १ मैल = १६०९.३४४ मीटर. हा आकडा व्याख्येनेच पक्का आहे, त्याच्यापुढे दशांश स्थळं नाहीत. वेळ दोन्हीकडे तासच असल्यामुळे हिशेब फक्त अंतराचा उरतो: मैल/तासला १.६०९ ने गुणा, किमी/तास मिळतील. उलटं जायचं तर भागा.

तोंडी करायचं असेल तर फिबोनाची क्रमिका कामाला येते: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते, आणि पुढे जाईल तसं लगतच्या संख्यांचं गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जातं. मैल आणि किलोमीटरचं गुणोत्तर १.६०९. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. म्हणून ५५ मैल म्हणजे ८९ किमी (खरं उत्तर ८८.५), ३४ मैल म्हणजे ५५ किमी. क्रमिकेत नसलेला आकडा तोडून घ्यायचा. ७० म्हणजे ५५ + १३ + २, प्रत्येकाची पुढची संख्या ८९ + २१ + ३, बेरीज ११३. खरं उत्तर ११२.७. हा निव्वळ योगायोग आहे, पण कामाचा आहे.

क्रिकेटमध्ये २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने टाकलेला चेंडू १६१.३ किमी/तास वेगाचा नोंदला गेला. त्याची एवढी चर्चा झाली कारण १६१.३ भागिले १.६०९३ म्हणजे १००.२, आणि मैलांत शंभरी ओलांडली गेली. किलोमीटरमध्ये १६१ ला काही खास महत्त्व नाही. तोच वेग ४४.८ मी/से होतो. दोन क्रीजमधलं अंतर १७.७ मीटर, म्हणजे वाटेत वेग थोडा कमी झाला तरी फलंदाजाच्या हाती अर्धा सेकंदही नसतो. शंभरीने मथळे झाले, पण फलंदाजाच्या दृष्टीने कामाचा आकडा मी/से वालाच.

मैल/तास वरून मी/से हवे असतील तर ०.४४७ ने गुणा. तोंडी: निम्मे करून त्यातून दहावा भाग वजा. आणि ६० मैल/तास म्हणजे बरोबर ८८ फूट प्रतिसेकंद, कारण मैलात ५२८० फूट असतात आणि या वेगाने एक मैल जायला एक मिनिट लागतं.

नॉट: समुद्राचं आणि आकाशाचं एकक

मला सगळ्या एककांत हे सर्वांत देखणं वाटतं. जहाजं आणि विमानं किलोमीटर सोडून नॉट का वापरतात, याचं उत्तर ‘जुनी सवय’ इतकंच दिलं जातं. पण त्यामागे भक्कम कारण आहे.

१ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. जहाज १२ नॉटने सरळ उत्तरेला चाललं असेल तर एक अंश ओलांडायला ५ तास लागतील. ना पट्टी लागत, ना गुणक. नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला अक्षांशाची जी मोजपट्टी छापलेली असते, तीच अंतराची पट्टी. मात्र वरच्या किंवा खालच्या कडेवरची रेखांशाची पट्टी त्यासाठी वापरायची नाही, कारण विषुववृत्तापासून दूर जाऊ तसं दोन रेखांशांमधलं अंतर आक्रसत जातं.

सागरी मैलाचा आकडा पाठ करण्याऐवजी काढून बघता येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तो असा, की ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर भरावं. तेवढ्या अंतरात ९० अंश, म्हणजे ५४०० मिनिटं. १०,००० भागिले ५४०० म्हणजे १.८५१९ किमी. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने अक्षांशाचं एक मिनिट विषुववृत्तावर १८४३ मीटर आणि ध्रुवांपाशी १८६२ मीटर भरतं. म्हणून १९२९ मध्ये मोनॅकोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलमापन परिषदेत आंतरराष्ट्रीय सागरी मैल १८५२ मीटर ठरवला गेला. तेव्हा १ नॉट = १.८५२ किमी/तास, तंतोतंत.

नॉट म्हणजे गाठ, आणि या गाठी खरोखरच्या होत्या. दोरीच्या टोकाला लाकडाची फळी बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी उलगडत जाई. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ मारलेली असे. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट वेग. हे आकडे आपल्याच पद्धतीने तपासून बघा. ४७ फूट ३ इंच म्हणजे १४.४०१८ मीटर. तासात २८ सेकंदांचे १२८.५७ भाग बसतात. गुणाकार १८५१.६६ मीटर येतो. दोरी आणि वाळूच्या भरवशावर चालणाऱ्या खलाशांच्या या मापात आजच्या व्याख्येपेक्षा अवघ्या ३४ सेंटीमीटरचा फरक पडतो!

‘ताशी १० नॉट’ असं लिहिलेलं कितीदा तरी वाचायला मिळतं, आणि ते चूक आहे. नॉटमध्ये तास आधीच आहे. ‘ताशी १० नॉट’ याचा अर्थ लावायचाच तर तो तासाला १० नॉटने वेग वाढणं, म्हणजे त्वरण, असा होईल. बातम्यांत आणि हवामानाच्या पत्रकांत नुसतं ‘१० नॉट’ लिहावं.

वाऱ्याचा वेग बऱ्याचदा नॉटमध्ये येतो, म्हणून घरबसल्याही हे रूपांतर लागतं. नॉट वरून किमी/तास: दुप्पट करून साडेसात टक्के वजा. नॉट वरून मी/से: निम्मे करून त्यात तीन टक्के मिळवा. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट श्रेणीतली सर्वांत वरची, १२ वी पायरी ६४ नॉटपासून सुरू होते. दुप्पट १२८, वजा ९.६, म्हणजे ११८.४ किमी/तास. निम्मे ३२, अधिक १, म्हणजे ३३ मी/से. छापील तक्त्यात मात्र ३२.७ मी/से दिसतात आणि वाचणारा गोंधळतो. ६४ हा पूर्णांकात लिहिलेला आकडा आहे. ६३.५ नॉट धरून हिशेब केला की ३२.७ बरोबर येतात.

मॅक हा गुणक नव्हे

मॅक १ म्हणजे त्या ठिकाणच्या हवेतला ध्वनीचा वेग, आणि तो तापमानाबरोबर बदलतो. १५ अंश सेल्सिअसला तो ३४० मी/से, म्हणजे सुमारे १२२५ किमी/तास असतो. ११ किलोमीटर उंचीवर, जिथे प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंश धरतात, तो २९५ मी/से असतो. म्हणून मॅक ०.८५ ने उडणारं विमान त्या उंचीवर सुमारे ९०० किमी/तास वेगाने जातं, तर समुद्रसपाटीला तेच मॅक ०.८५ म्हणजे १०४० किमी/तास. मॅकचं रूपांतर करताना तापमान किंवा उंची विचारलीच पाहिजे. न विचारता उत्तर देणाऱ्या कन्व्हर्टरवर विसंबू नका.

धावणाऱ्यांचा पेस

धावणारे लोक वेग सांगत नाहीत, एक किलोमीटरला किती मिनिटं लागली ते सांगतात. हा वेगाचा व्यस्त आहे, म्हणून इथे कोणत्याही एका गुणकाने काम भागत नाही. ६० ला किमी/तासने भागायचं. १० किमी/तास म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, १२ म्हणजे ५ मिनिटं.

खरी मेख पुढे आहे. ट्रेडमिलवर ११ किमी/तास लावलं. ६० भागिले ११ म्हणजे ५.४५. हे ५ मिनिटं ४५ सेकंद नव्हेत. ०.४५ मिनिट म्हणजे ०.४५ × ६० = २७ सेकंद, म्हणून पेस ५ मिनिटं २७ सेकंद. त्या अठरा सेकंदांच्या गफलतीत १० किलोमीटरच्या शर्यतीचा अंदाज तीन मिनिटांनी चुकतो. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत पूर्ण केली. ते झाले ७२३५ सेकंद. किलोमीटरला १७१.५ सेकंद, म्हणजे २ मिनिटं ५१ सेकंदांचा पेस, आणि वेग २१ किमी/तास. आपल्या जवळच्या ट्रेडमिलवर २१ चा आकडा लावून बघायची इच्छा झाली तर जपून.

वेळेचा हाच साठाचा हिशेब प्रवासातही फसवतो. १५० किलोमीटर जायला २ तास २० मिनिटं लागली. कॅल्क्युलेटरवर १५० भागिले २.२० केलं की ६८ येतात. खरं उत्तर ६४, कारण २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, ०.३३. आणि सरासरी वेग काढताना दोन वेगांची बेरीज करून निम्मे करू नका. जाताना ६० आणि परत येताना त्याच रस्त्याने ४० असेल, तर सरासरी ४८ असते, ५० नाही, कारण कमी वेगात जास्त वेळ गेलेला असतो. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हाच एक खात्रीचा मार्ग.

अनोळखी एकक समोर आलं तर

पद्धत पक्की झाली की नाही, हे टोकाच्या आकड्यांवर कळतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगाने फिरतं. तासात ३६०० सेकंद, म्हणून सुमारे २७,६०० किमी/तास. पडताळा घ्या: जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरच्या वर्तुळाचा परीघ ४२,५०० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याला २७,६०० ने भागलं की १.५४ तास, म्हणजे ९२ मिनिटं. स्थानकाची एक प्रदक्षिणा खरोखरच दीड तासाच्या आसपास असते.

दुसरं टोक भूपट्टांचं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या संथ सरकणाऱ्या प्रचंड तुकड्यांचं. एखादा भूपट्ट वर्षाला ५ सेंटीमीटर सरकतो असं धरा. सेंटीमीटरच्या जागी ०.०१ मीटर, वर्षाच्या जागी ३६५.२५ × २४ × ३६०० सेकंद, म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंद. ०.०५ भागिले हा आकडा, उत्तर सेकंदाला सुमारे १.६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मी/से हा १९८३ पासून व्याख्येनेच ठरलेला आहे, कारण मीटरच त्यावरून ठरवला जातो. ३.६ ने गुणा, १०७ कोटी ९२ लाख किमी/तासहून जास्त. तिन्ही उदाहरणांत कृती एकच: जुनं एकक खोडून त्याच्या जागी त्याची नव्या एककातली किंमत लिहिणं.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहायचं, ते मूळ आकडा किती नेमका होता यावर ठरवा. ‘साधारण ६० मैल/तास’ याचं रूपांतर ‘साधारण ९७ किमी/तास’. तिथे ९६.५६०६४ लिहिलं तर मुळात नसलेली अचूकता आपण पदरची घातली. मात्र मधल्या पायऱ्यांवर आकडे तोडू नका, शेवटीच तोडा.

काटा खरं सांगतो का, ते तपासा

हे सगळं हाताने करून बघायचं असेल तर मोकळ्या महामार्गासारखी प्रयोगशाळा नाही. किलोमीटरचे दगड असलेला सरळ रस्ता हवा, आणि घड्याळ शेजारी बसलेल्याच्या हातात हवं, चालवणाऱ्याच्या नव्हे. काटा एका आकड्यावर स्थिर ठेवा. एक दगड बाजूने गेला की घड्याळ सुरू करा, पुढचा गेला की थांबवा. ३६०० ला आलेल्या सेकंदांनी भागा. ६० सेकंद लागले तर ६० किमी/तास, ४५ लागले तर ८०, ४० लागले तर ९०.

एका किलोमीटरवर घड्याळ दाबण्यात सेकंदाची चूक झाली, तर ४० च्या जागी ४१ येतात आणि वेग ९० वरून ८७.८ होतो. म्हणून ५ किलोमीटर मोजा आणि १८,००० ला सेकंदांनी भागा. मग सेकंदाच्या चुकीने ९० चे फक्त ८९.६ होतात.

बहुतेक गाड्यांत मोजलेला वेग काट्यापेक्षा कमीच भरेल, आणि तो बिघाड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्र. ३९ नुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी/तास एवढी असते. खरा वेग ९० असताना १०३ दाखवणारा काटाही त्या नियमात बसतो. टायर झिजला की त्याचा परीघ घटतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फेरे घेतं, आणि काटा आणखी थोडा पुढे सरकतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले तर उलटं घडतं: काटा कमी दाखवतो आणि गाडी प्रत्यक्षात जास्त वेगाने जात असते. टायरचं माप बदललं असेल तर ही चाचणी आधी करा, मग काट्यावर विश्वास ठेवा.